सोसायटीचं पाणी, वीज, कचरा: मुलुंड पूर्व, मार्च ते जुलै २०२५ च्या नोंदी

२ मार्च, रविवार

फेब्रुवारीचं कॉमन मीटरचं बिल आलं: ८६४ युनिट. २०१९ मध्ये जिन्यातल्या आणि कंपाउंडमधल्या ट्यूब काढून एलईडी लावले तेव्हा कमिटीने पेढे वाटले होते. दीड-दोन वर्षं बिल खाली राहिलं आणि मग कुणाच्या लक्षात न येता पुन्हा चढलं. आजच्या मीटिंगमध्ये एकमताने लिफ्टला दोषी धरलं. सेक्रेटरी म्हणाले, पहिल्या मजल्यावरच्यांनी जिना वापरावा. पहिल्या मजल्यावरचे काका समोरच बसले होते, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेले. पुढचं इथे लिहीत नाही.

मी खजिनदार. नोकरीही हिशेबाचीच. जमेच्या बाजूला काय आलं, खर्चाच्या बाजूला काय गेलं, हे कळल्याशिवाय कुणाला दोष द्यायचा नाही एवढीच माझी शिस्त. म्हणून ही वही. इमारत १९९४ ची, तळमजला अधिक सहा, २८ बिऱ्हाडं. आज दारोदार फिरून माणसं मोजली: १०४.

कल्पना तशी लेकीची. तिच्या अभ्यासक्रमात शहराचा चयापचय असा एक धडा आहे. १९६५ साली अबेल वोल्मन या अमेरिकन अभियंत्याने दहा लाख वस्तीचं एक कल्पित शहर घेतलं आणि त्याचा रोजचा हिशेब मांडला. आत येतं ६,२५,००० टन पाणी, २,००० टन अन्न, ९,५०० टन इंधन. बाहेर जातं ५,००,००० टन सांडपाणी, २,००० टन कचरा, शिवाय धूर. मला त्यात सगळ्यात आवडलं ते पाण्याचं प्रमाण. अन्नाच्या तीनशे पट! आपण महिनाभर किराण्याच्या यादीवर वाद घालतो आणि नळाकडे बघतही नाही.

९ मार्च, रविवार

आठवडाभर रोज सकाळी सातला गेटजवळच्या वॉटर मीटरचं रीडिंग घेतलं. मीटरचं झाकण गंजलेलं, काचेवर शेवाळ. पहिल्या दिवशी जुन्या टूथब्रशने घासल्यावर आकडे दिसले. सरासरी निघाली रोज २५.१ घनमीटर, म्हणजे २५,१०० लिटर. भागिले १०४: माणशी २४१ लिटर.

महानगरासाठी केंद्राचं प्रमाण माणशी १५० लिटर. लेकीला आकडा दाखवला तर म्हणाली, बाबा, एवढं पाणी आपण पितो की काय.

आकडा चुकला असेल असं वाटून घरी टंकीखालच्या नळाला बादली लावून स्वतःची आंघोळ मोजली. पावणेदोन बादल्या. म्हणजे चूक माझ्या आंघोळीत नाही.

१४ मार्च, धुळवड

रीडिंग ३१ घनमीटर. समजण्यासारखं आहे. सरासरीत धरत नाही.

१६ मार्च, रविवार

दुसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर. आमची वही त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "लिफ्टला कशाला शिव्या देता? पंप बघितलाय का कुणी?"

मग एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी हिशेब केला. हजार लिटर पाणी खालच्या टाकीपासून, म्हणजे सक्शन टँकपासून, गच्चीवरच्या टाकीपर्यंत, साधारण २७ मीटर, चढवायला निव्वळ ऊर्जा लागते ०.०७४ युनिट. २५ हजार लिटरला पावणेदोन-दोन युनिट. पंप आणि मोटर दोघं मिळून निम्मी वीज वाया घालवतात असं धरलं तरी रोजचे चार. "आता तुमचा पंप किती खातो ते सांगा."

ते कुणालाच माहीत नाही. पंपाचा वेगळा सब-मीटर नाही, वेळेची नोंद नाही. वॉचमनदादांना एक वही आणि पेन दिलं: चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ. त्यांनी विचारलं, "साहेब, काही चुकलं का माझं?" नाही म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

२३ मार्च, रविवार

वहीप्रमाणे पंप रोज सरासरी चार तास चालतो, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. इलेक्ट्रिशियनने क्लॅम्पमीटर लावून बघितलं. तीन हॉर्सपॉवरची मोटर, ओढते २.७ किलोवॅट. चार तासांचे १०.८ युनिट. महिन्याला सव्वातीनशे.

लिफ्ट महिन्याला ३०० च्या आसपास, सगळे दिवे मिळून १५५, उरलेलं कॅमेरे आणि केबिनमधला पंखा. पहिल्या मजल्यावरच्या काकांना जाऊन सांगून आलो. त्यांनी चहा पाजला, पण सेक्रेटरींना माफ केलेलं नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

आज गुढी उभारायच्या आधी पहाटे साडेपाचला मी आणि इंजिनिअरकाका गच्चीवर. हातात टॉर्च, खडू आणि पडद्याचा जुना ॲल्युमिनियमचा दांडा. टाकी आतून तीन मीटर बाय दोन मीटर. दांडा उभा सोडून पाण्याच्या रेषेवर खूण केली. खाली फोन केला, पंप सुरू. दहा मिनिटांनी दुसरी खूण. पट्टीने मोजलं: १७ सेंटिमीटर. म्हणजे दहा मिनिटांत हजार लिटर, तासाला सहा हजारांच्या आत-बाहेर. काका म्हणाले, तीन हॉर्सपॉवरला हे लाजिरवाणं आहे, निदान अकरा हजार यायला हवेत.

खरी गोष्ट त्यानंतरची. आम्ही तिथेच कठड्याला टेकून गप्पा मारत बसलो. पूर्वेला खाडीच्या बाजूने फटफटत होतं. टाकी भरली असावी, पण पंप बंद झाल्याचा फोन काही येईना. मी कान दिला तर कुठेच पाणी पडल्याचा आवाज नाही. मग काकांनी टॉर्च मारला. ओव्हरफ्लोचा पाइप टाकीतून निघून मागच्या बाजूला पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडलेला होता, तोंड आत घुसवून, वरून सिमेंट लिंपून. पाइपाला हात लावला तर थंडगार आणि आत थरथर. पाणी आवाज न करता सहा मजले उतरून थेट गटारात चाललं होतं. कुणी केव्हा तो पाइप असा वळवला, माहीत नाही. बहुधा गच्चीवर पाणी साचतं म्हणून कुणीतरी तक्रार केली असणार आणि ती तक्रार मिटली.

खाली आलो तर वॉचमनदादा गाड्या पुसत होते. सकाळी आठ गाड्या, प्रत्येकी महिन्याचे वेगळे पैसे. बारा तासांच्या ड्युटीच्या पगारात घर चालत नाही म्हणून. पंप चालू करायचा, गाड्या धरायच्या, आठवण झाली की बंद करायचा. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास पाणी वाया. आमच्या गाड्या चकचकीत राहाव्यात म्हणून आमचंच पाणी गटारात, असा हा सरळ हिशेब. त्यांना मी काय बोलणार? टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवायचं ठरवलं. ही गोष्ट १९९४ मध्येच व्हायला हवी होती.

६ एप्रिल, रविवार

पंपवाला आला. पंप उघडला तर इंपेलरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या चक्राच्या, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून गळती, आणि पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्वच्या जाळीला नारळाच्या शेंड्यांची गुंतवळ. सक्शन टँकमध्ये शेंड्या कुठून? वास्तुशांतीला कुणीतरी झाकण उघडून नारळ सोडला असेल, अशी माझी शंका आहे. कुणी कबूल होत नाही.

इंपेलर नवा, फूट व्हॉल्व नवा, फ्लोट स्विच, सब-मीटर. खर्च एका लग्नाच्या आहेराएवढा. मीटिंग न घेता मी आणि सेक्रेटरींनी सही केली.

११ एप्रिल, शुक्रवार

दांडा घेऊन पुन्हा गच्चीवर. दहा मिनिटांत ३० सेंटिमीटर! तासाला १०,८०० लिटर.

कालपासून शहरात टँकरवाल्यांचा संप आहे, विहिरी आणि बोअरवेलसाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवान्याच्या नियमांवरून. आम्ही टँकर मागवत नाही, पण शेजारच्या बावीस मजली टॉवरमध्ये मागवतात. तिथल्या ओळखीच्या एकाने फोन करून विचारलं, तुमच्याकडे प्रेशर बरं आहे का. मला पंधरवड्यापूर्वीपर्यंत गटारात जाणारं पाणी आठवलं: रोज सहा हजार लिटरच्या वर. दीड-दोन दिवसांत एक टँकर.

२० एप्रिल, रविवार

नवी सरासरी: पाणी १८.७ घनमीटर, माणशी १८० लिटर. पंप दिवसाला पावणेदोन तास, ४.८ युनिट. महिन्याला १८० युनिट वाचतील.

लग्नपत्रिकेवरच्या हिशेबाने अजूनही आपला पंप दिलेल्या विजेतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त वीज उष्णता आणि घर्षणात घालवतो. काका म्हणाले, लहान पंपांचं असंच असतं, रडू नका.

मुंबईला रोज जवळपास ४,००० दशलक्ष लिटर पाणी मिळतं, सात तलावांतून: वैतरणा उगमापासून खालपर्यंत तीन ठिकाणी अडवलेली, शिवाय तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. यातलं विहार आणि तुळशी तेवढे शहराच्या पोटात, बाकी ठाणे-नाशिककडे. तानसा १८९२ चा. जुन्या लोकांनी जागा अशा निवडल्या की तानसा-वैतरणाचं पाणी उताराने भांडुपपर्यंत येतं, वीज लागत नाही. भातसाचं पाणी, जे एकट्याने शहराची निम्मी तहान भागवतं, ते मात्र ठाणे जिल्ह्यातल्या पिसे इथे पंपाने उचलावं लागतं. म्हणून पिसेला वीज गेली की मुंबईत नळ कोरडे. शंभर किलोमीटरवरून उताराने आणलेलं पाणी आपल्या गेटाशी येतं, आणि मग प्रत्येक इमारत आपापला पंप लावून ते पुन्हा डोंगरावर चढवते.

१८० अजूनही १५० पेक्षा जास्तच. जुन्या फ्लशच्या टाक्या एका ओढीत दहा लिटर सोडतात, हे एक कारण. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना सहज विचारलं, तुमच्याकडे किती पाणी भरता. पाच माणसांत दोन पिंप आणि चार हंडे, पहाटे रांग लावून. झोपडपट्टीसाठी पालिकेचं प्रमाण माणशी ४५ लिटर असायचं. मी १५० चा आकडा सांगितल्यावर ताई हसल्या आणि म्हणाल्या, "एवढं पाणी ठेवायचं कुठं, दादा?"

३ मे, शनिवार

कचरा. आठवडाभर रोज सकाळी आठला ताणकाट्यावर तोलला. ओला २९ किलो, सुका १३. माणशी ४०० ग्रॅम. मुंबईचा रोजचा कचरा साडेसहा हजार टनांच्या आसपास असतो, त्यातले आमचे ४२ किलो.

रोज १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा जागेवरच जिरवावा असा पालिकेचा नियम २०१७ पासून आहे. आम्ही त्याखाली, त्यामुळे कायद्याने मोकळे. कमिटीत हे ऐकून सुटकेचा नि:श्वास सोडला गेला. पण आपल्याकडच्या लोकांनी नि:श्वास जरा जपून सोडावा. आपल्या मुलुंडच्या हरिओम नगरचं डंपिंग २०१८ मध्ये बंद झालं आणि तिथे ७० लाख टन जुना कचरा उकरून बाहेर काढायचं काम चालू झालं. आता कचरा जातो तो कांजूरच्या डंपिंगला. वारा दक्षिणेचा असला की रात्री खिडक्या लावून घ्याव्या लागतात. आणि काल उच्च न्यायालयाने कांजूरची ती सुमारे १२० हेक्टर जमीन पुन्हा संरक्षित वन ठरवली, तीन महिन्यांची मुदत दिली. वर्तमानपत्र वाचून सेक्रेटरींनी विचारलं, "मग आपला कचरा जाणार कुठे?" ४२ किलोंचं उत्तर तरी आपल्याकडे असावं म्हणून दोन ड्रम मागवले.

१८ मे, रविवार

ड्रमबद्दल थोडक्यात: वास आला, अळ्या झाल्या, तळमजल्यावरच्या काकूंनी झाकणावर फिनेल ओतलं आणि आतलं सगळं मेलं. पुन्हा पहिल्यापासून. यावेळी ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर आवारातल्या बदामाची वाळलेली पानं आणि वर थोडं आंबट ताक. आंब्याच्या कोयी वेगळ्या. मे महिन्यात ओल्या कचऱ्यात एक तृतीयांश वजन आंब्याचं असतं, हे मी तोलून सांगतो. शहाळी ड्रममध्ये घालायची नाहीत, ती वर्षभर तशीच राहतात.

२५ मे, रविवार

घरोघरची विजेची बिलं. २८ पैकी १९ घरांनी दाखवली, नऊ जणांना ते खासगी वाटलं. फेब्रुवारीची सरासरी २१२ युनिट होती, यंदाच्या उन्हाळ्याची ३७१. फरक सगळा एसीचा.

अख्ख्या इमारतीला लावलं तर घरांचा महिन्याचा वापर दहा हजार युनिटांच्या वर, आणि कॉमन मीटर आता ६९० च्या घरात. म्हणजे गेले तीन महिने मी ज्याच्या मागे हात धुऊन लागलो तो इमारतीच्या विजेचा पंधरावा-सोळावा हिस्सा. बाकीचं बंद दारांमागे आहे, आणि तिथे खजिनदाराचं काही चालत नाही.

एक युनिट विजेमागे देशाच्या ग्रिडची सरासरी साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. फेब्रुवारीत माणशी ४६ किलो, या महिन्यात ७५. मुंबईच्या हवामान कृती आराखड्यात २०१९ सालचं माणशी उत्सर्जन १.८ टन दिलंय, आणि त्यातला ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः कोळशाच्या विजेचा. मुंबईची पहिली जलविद्युत खोपोलीहून आली होती, १९१५ मध्ये, घाटावरच्या तलावांचं पाणी खाली सोडून. आमच्या मुलुंडला महावितरणची वीज येते, म्हणजे बव्हंशी चंद्रपूर-कोराडीच्या बाजूचा कोळसा. तिकडे ४७ अंशांत माणसं कोळसा जाळतात आणि इकडे आम्ही २२ वर एसी लावून गोधडी पांघरतो.

१९ घरांची उतरती यादी केली. माझं घर चौथं! बायकोने यादी बघितली आणि काही न बोलता अठरा वर्षांच्या फ्रिजकडे बोट दाखवलं. आत एकटा कोबी आणि रात्रीची आमटी.

२७ मे, मंगळवार

काल पाऊस आला. मान्सून मुंबईत २६ मे रोजी, एवढ्या लवकर तो नोंदीत कधीच आलेला नाही. कुलाब्याला मे महिन्याच्या पावसाचा शंभरेक वर्षांचा विक्रम मोडला. गच्चीवरचं प्लास्टिक घालायचं राहिलंय. सहाव्या मजल्यावरून तीन फोन.

८ जून, रविवार

"एवढा पाऊस पडतो, तो का नाही साठवत?" हा प्रश्न दरवर्षी याच आठवड्यात येतो, म्हणून एकदाचा हिशेब. गच्ची २,४०० चौरस फूट. वर्षाचा पाऊस २,३०० मिलिमीटर धरला आणि ८० टक्के हाती लागला तर ४.१ लाख लिटर. आपल्या वापराने २२ दिवस पुरेल. तेही चार महिन्यांचा पाऊस साठवायला तळ्याएवढी टाकी असेल तर. नव्या इमारतींना पर्जन्यजलसंधारण २००२ पासून सक्तीचं झालं, आपण त्याआधीचे. जमिनीत मुरवावा, बोअर मारून झाडांना आणि फ्लशला वापरावा, एवढं जमण्यासारखं आहे. नळाचा पर्याय तो नाही.

वापरलेलं पाणी भांडुपच्या सांडपाणी केंद्रात जातं, तिथून ठाणे खाडीत. हिवाळ्यात आपण दुर्बीण घेऊन तिथेच फ्लेमिंगो बघायला जातो.

२९ जून, रविवार

खास सभा. विषय: गच्चीवर पाच किलोवॅट सोलर. माझी तयारी पक्की होती. पाचशे चौरस फूट जागा, दिवसाला सरासरी २० युनिट, महिन्याला ६००, म्हणजे कॉमन मीटर जवळजवळ झाकलं जाईल. पावसाळ्यात कमी, ते उन्हाळ्यात भरून निघेल. केंद्राच्या योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० अनुदान.

पहिला प्रश्न: रिडेव्हलपमेंट झालं तर पॅनेलचं काय?

त्यानंतर दीड तास सभा फक्त रिडेव्हलपमेंटवर. तीस वर्षं झाली, इमारत पात्र आहे, किती चौरस फूट जास्त मिळतील, भाडं किती, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी किती. इंजिनिअरकाकांनी उठून सांगितलं की बावीस मजल्यांवर पाणी चढवायला आजच्या अडीचपट ऊर्जा लागेल, शिवाय दोन लिफ्ट, पोडियमचे दिवे, आणि ही उभी इमारत पाडून होणारा राडारोडा वेगळाच. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "काका, तुमच्या बाथरूमचं छत गळतंय ना अजून?" काका खाली बसले. गळतंय. स्लॅबच्या सळ्या दिसतात. मी स्वतः कोणत्या बाजूला हात वर करीन, सांगता येत नाही.

सोलर: ९ विरुद्ध १४, नामंजूर. फ्लशच्या टाक्या दुहेरी बटणाच्या करायच्या, ज्याने त्याने आपल्या खर्चाने: मंजूर. ड्रम: मंजूर, फिनेल न ओतण्याच्या अटीवर.

१० जुलै, गुरुवार

काल मोडकसागर, वैतरणेवरच्या तीन तलावांपैकी एक, भरून वाहू लागला. व्हॉट्सॲपवर सगळ्यांचे व्हिडिओ. आज सकाळी पाण्याचं रीडिंग १९.६, कालपेक्षा जास्त. धरण भरल्याची बातमी आली की वापर वाढतो की काय, बघायला हवं. दोन दिवसांवरून काही म्हणता येत नाही.

ड्रममधून पहिलं खत निघालं, नऊ किलो. काळं, मातीचा वास. काकूंनी स्वतःहून तुळशीला नेलं.

जुने वॉचमनदादा गावी गेले, परत येणार नाहीत. नवा मुलगा आलाय, वीस-बावीसचा. फ्लोट स्विच आहे, त्यामुळे पंपाची वेळ लिहायची तशी गरज नाही, पण केबिनमध्ये लटकवलेली वही त्याने बघितली आणि कुणी न सांगता आज लिहिलं: "पं. चालू ५.४०, आपोआप बंद ६.३५. गाड्या ८."